रुसीबाबाची खूण

"हीटर चालू कर, मग येतो," अण्णा म्हणाले आणि शाल डोक्यावरून ओढून भिंतीकडे तोंड करून पडले.

मी दारातच उभा राहिलो. बाहेर भाड्यानं ठरवलेली गाडी थांबली होती आणि तिचा ड्रायव्हर अंगणातल्या माडाखाली विडी ओढत होता. जानेवारी होता हे खरं, पण रत्नागिरीचा जानेवारी. माझी बायको प्रेमला उन्हाकडे पाठ करून कुळीथ पाखडत होती आणि तिचं पोलकं घामानं पाठीला चिकटलं होतं. अशा गावात माझा बाप, काशीराम, सगळा जन्म मुंबईत ड्रायव्हरकी केलेला माणूस, दोन शाली आणि एक कांबळं अंगावर घेऊन कुडकुडत होता, कारण त्याच्या पोटात गाठ होती आणि अंगात रक्त उरलं नव्हतं. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "इथं होणार नाही. कोल्हापूरला न्या. लवकर नेलंत तर म्हातारा उठून बसेल. आणि घाटात सांभाळा, गारठला तर ऑपरेशन राहील बाजूलाच." म्हणून मी बंद काचांची चांगली गाडी ठरवून आणली होती. अण्णा काठी टेकत तिच्यापर्यंत गेले, तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरला पाय लावून बघितला, मी उघडून धरलेल्या मागच्या दाराकडे बघितलं आणि परत फिरले. "मागं बसून मी जानार नाय. जल्म पुढं बसून गेला. जायचा तर आपल्या गाडीतना जायचा." आपल्या गाडीतला हीटर बंद होता. भाड्याच्या ड्रायव्हरला मी चहा पाजून परत पाठवलं. जाताना तो म्हणाला, "म्हातारा वस्ताद आहे." परक्याला कौतुक करायला काय जातं!

आपली गाडी म्हणजे साहेबाची गाडी. ती विलायतेहून बोटीनं आली तेव्हा अण्णा साहेबाकडे नवेच लागले होते. साहेब पारशी, मलबार हिलला बंगला, बोटीच्या धंद्यात. गाडीत हीटर होता, कारण विलायतेत तो बसवूनच देत. मुंबईत तो कुणाला नको होता, पण दर हिवाळ्यात साहेब महाबळेश्वरला जाई, आणि साहेबाला उशिरा झालेला एकुलता एक मुलगा होता, रुसी. रुसीबाबाला थंडी सोसत नसे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मेल्यावरही ते मला आठवेल. रुसीबाबाला थंडी सोसत नाय, म्हणून अण्णा गाडी आधी अर्धा तास चालू ठेवून गरम करत. हीटरच्या दांडीपाशी डॅशबोर्डावर अण्णांनी खिळ्यानं एक बारीक खूण केली होती. दांडी तिथपर्यंत सरकवायची. पुढं गेली की रुसीबाबाचं नाक सुकतं, मागं राहिली की पाय गार पडतात. त्या घरात सगळे गुजराती नाहीतर हिंदी बोलत. रुसी तेवढा अण्णांशी मराठी बोलायचा, कारण अण्णांनीच त्याला ती शिकवली होती. मला मराठी आईनं शिकवली. बापाकडून मी काय शिकलो हे आठवायला बसलो तर मला वेळ लागतो.

साहेब गेला, त्याची बाई लेकीकडे दिल्लीला गेली, रुसी विलायतेत शिकून तिथलाच झाला. बंगला विकला गेला तेव्हा गाडी कुणालाच नको होती. "काशीराम, तू घेऊन जा," असं बाईनं सांगितलं आणि अण्णा ती मुंबईहून चालवत रत्नागिरीजवळ आमच्या गावी, कुवारबावला, घेऊन आले. येताना प्रत्येक ओढ्यावर थांबून त्यांनी ती धुतली होती. आई, तिचं नाव तुळसा, दारात भाकरतुकडा घेऊन उभी राहिली, तो तिनं गाडीवरून ओवाळून टाकला. नवऱ्यावरून ओवाळायचं राहूनच गेलं. मग घराच्या कौलांवरून पाणी ठिबकत असताना गाडीसाठी पत्र्याची शेड उभी राहिली. गाडी आपली झाली, पण मागच्या सीटवर कुणी बसायचं नाही. तिच्यावर पांढरं कव्हर असे, दर शनिवारी धुवायचं आणि इस्त्री करून परत चढवायचं. ड्रायव्हर मागं बसत नाही, ड्रायव्हरचं कुटुंबही मागं बसत नाही. मुंबईतल्या बंगल्यावरचा हा कायदा त्यांनी कोकणात आणून लागू केला, आणि मालक स्वतः झाल्यावरही तो उठवला नाही. प्रेमलाला कळा सुरू झाल्या तेव्हा सुईण म्हणाली हिला मागं आडवी घाला. अण्णा म्हणाले, "पुढं बसंल ती." मग प्रेमला पुढं, मी तिच्या बाजूला दारावर लटकत, आणि मागची मोठी पांढरीशुभ्र सीट रिकामी, असे आम्ही हॉस्पिटलात गेलो. आमची मुलगी दमयंती त्यानंतर पाव घटकेत झाली. हे प्रेमला हसत सांगते. मला अजून हसू येत नाही.

हीटर बंद कसा पडला तेही सांगायला हवं. इंजिनापाशी, बॉनेटखाली, हीटरला गरम पाणी सोडणारा एक नळ असतो. गॅरेजवाले त्याला हीटरचा कॉक म्हणतात. डॅशबोर्डावरची दांडी सरकवली की तिची तार हा कॉक उघडते. हा कॉक गळायला लागला आणि अण्णा महिपतच्या गॅरेजात गेले. महिपतनं आमच्या मुलखात सगळे करतात तेच केलं: कॉक काढून फेकला, त्याच्या जागी पत्र्याची चकती आवळली, हीटरच्या दोन्ही रबरी नळ्या एकमेकींना जोडून टाकल्या. "काशीरामदादा, कोकणात हीटर म्हणजे माशाला छत्री," असं म्हणून तो हसला. अण्णा त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत. महिपतच्या मुलाच्या लग्नातही ते अक्षता टाकून न जेवता परत आले. त्यानंतर काही वर्षांनी आई गेली. तिच्या दहाव्यालाही महिपत आला तेव्हा अण्णांनी मान वळवली. बायकोच्या दहाव्याला हीटर आठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"रुसीबाबाला कळव," अण्णा म्हणाले. "तो धाडंल कॉक." मी कळवलं. विलायतेचा पत्ता जुना होता, पण चुकीचा नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिकडून काहीच आलं नाही. दरम्यान अण्णांची भाकरी अर्ध्यावर आली, मग पेजेवर. मी ऑफिसात पाटबंधाऱ्याच्या फायली पुढे सरकवत बसे आणि एक बिनकामाचं पितळी नळकांडं माझ्या बापाचा जीव अडवून बसलंय हे आठवून टेबलावर हात आपटे. बाजूचे लोक दचकत. मी त्यांना समजावू शकत नव्हतो. 'वडिलांना कोल्हापूरला का नेत नाही?' 'हीटर नाही.' कोण विश्वास ठेवेल? रात्री प्रेमला म्हणायची, "उचलून घाला गाडीत." पण उचलून घालणार कसं? अंगात चिपाडभर ताकद नसताना तो माणूस नुसत्या नजरेनं मागं लोटायचा. लहानपणापासून मी त्या नजरेला भीत आलो होतो, आणि सरकारी नोकरीत पंचेचाळिशी आली तरी त्यात फरक पडला नव्हता.

कॉक शेवटी प्रेमलाच्या भावानं मिळवला. शिवा गिरणीत होता. संप झाला, गिरणी काही उघडली नाही, तेव्हापासून मुंबईभर जुन्या लोखंडाच्या दुकानांतून फिरून तो कसलं तरी कमिशन खातो. कुठल्याशा भंगारात त्याला हवा तसाच, न वापरलेला, तेलकट कागदातला कॉक सापडला. त्यानं तो एका जुन्या झबल्यात गुंडाळला आणि गावाकडे येणाऱ्या माणसाच्या हाती, खाज्याच्या डब्यात, पाठवून दिला. मी डबा उघडून तो अण्णांच्या हातात ठेवला. अण्णांनी तो कानापाशी हलवला, त्याची दांडी फिरवून बघितली, नाकाशी नेला. डोळे भरून आले त्यांचे. आईच्या वेळी नव्हते आले. "रुसीबाबानं धाडला ना?" ते म्हणाले. "म्हनत नव्हतो मी? इसारला नाय पोरगा." मी शिवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, मरू दे, जायला तयार होतोय ना, रुसीचा तर रुसीचा.

रविवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. महिपतकडे जायची सोय नव्हती, त्यामुळे मीच. खरं तर मला गाडीचं थोडंफार कळतं, ड्रायव्हिंगही येतं, पण ते मी आमच्या ऑफिसच्या जीपवरच्या सखारामकडून शिकलो. ड्रायव्हरचा मुलगा दुसऱ्या ड्रायव्हरकडून गाडी शिकला. अण्णांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "ही गाडी तुला वळखत नाय," म्हणत. प्रेमलानं त्यांची खुर्ची शेडबाहेर उन्हात आणून ठेवली, पायांवर कांबळं घातलं आणि गरम पेजेची वाटी हातात दिली. पेज न पिता ते माझ्याकडे बघत राहिले.

"पानी काढ पयला."

"काढतोय."

"समदा नको काढू. कॉकाच्या खाली उतरला की पुरे."

"माहीत आहे मला, अण्णा."

"तुला काय म्हाईत? फायली?"

रेडिएटरचा नळ सोडून मी खाली घमेलं ठेवलं. गंजानं लाल झालेलं पाणी बारीक धारेनं पडायला लागलं. मग पत्र्याच्या चकतीवरचे दोन नट. ते गंजून जागच्या जागी बसले होते. आदल्या दिवशी मी त्यांच्यावर रॉकेल टाकून ठेवलं होतं, तरी पाना नुसता सटकत होता. जोर लावला आणि नटाखालचा, इंजिनात रुतलेला स्टड तुटला तर सगळाच कारभार आटोपला असता. तो तुटका तुकडा इंजिनातून काढणारा माणूस कोल्हापुराशिवाय कुठं? म्हणजे हीटर बसवायला कोल्हापूरला जायचं आणि कोल्हापूरला जायला हीटर बसवायचा. मी थोडा पुढे, थोडा मागे, असा नट हलवत राहिलो. बॉनेटखाली तोंड घातलं की इंजिनाचा एक जुना वास येतो, तेल, रबर आणि तापून निवालेल्या पाण्याचा. तो वास मला माझ्या आठव्या वर्षी नेऊन सोडतो.

त्या वर्षी साहेब सहकुटुंब रत्नागिरीला आला होता, मांडवीला कुणा मित्राच्या बंगल्यात. कोल्हापूरकडून येणारा रस्ता आमच्या दारावरूनच जातो. अण्णा येणार हे आईला कुणीतरी मुंबईहून येऊन सांगितलं होतं. संध्याकाळपासून ती मला घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. वारं सुटलं होतं, माझ्या अंगात बिनबाह्यांची बंडी होती. आईनं मला पदरात घेतलं तरी माझे दात वाजत होते. मग दिवे दिसले. गाडी आली, हळू झाली, मला वाटलं आता थांबते. काचा बंद होत्या. मागच्या सीटवर माझ्याएवढा एक गोरा मुलगा लोकरीच्या कांबळ्यात गुरफटून, तोंड उघडं टाकून झोपला होता. पुढं अण्णा. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओठांवर ठेवलं. गप्प. पोरगा झोपलाय. गाडी गेली. मी मागं धावलो, थोडा धावलो आणि खड्ड्यात पडलो. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले, खाकी कपड्यात, गाडी घेऊन, थोड्या वेळापुरते. आईनं विहिरीचं पाणी काढून काढून दिलं आणि त्यांनी गाडी धुतली. मी काचेला गाल लावला. आतून गाडी गरम होती. आदल्या संध्याकाळची ती ऊब अजून तिथं होती असं मला वाटलं, पण ते खरं नसेल, उन्हाचीच ऊब असेल. "काचेला तोंड नको लावू," अण्णा म्हणाले. "डाग पडंल." आणि त्यांनी माझ्या गालाची जागा फडक्यानं पुसून काढली.

नट सुटला. दुसराही सुटला. मी डोकं बाहेर काढलं तेव्हा अण्णा खुर्चीत ताठ बसले होते.

"बाई उठल्या?" त्यांनी विचारलं.

"कोण बाई?"

"चार वाजता गाडी लावायची हाय. क्लबात जायचाय त्यांना."

दुखणं वाढल्यापासून हे असं व्हायला लागलं होतं. अधूनमधून त्यांचं मन सटकायचं आणि ते मुंबईला जायचं. मलबार हिलवर जायचं, महाबळेश्वरला जायचं, डॉकवर साहेबाला आणायला जायचं. आमच्याकडे, कुवारबावला, ते कधी आलं नाही. माणसाला भ्रम झाला म्हणजे तो लहानपणीच्या घरी जातो, आईला हाका मारतो असं ऐकलं होतं. माझ्या बापाचं मन भ्रमातसुद्धा कामावर हजर व्हायचं. "लावतो गाडी," मी म्हटलं, आणि सांध्यातून पाणी गळू नये म्हणून बसवलेल्या जुन्या गास्केटचे पोपडे सुरीनं खरवडायला लागलो.

नव्या कॉकाबरोबर गास्केट नव्हतं. मी ऑफिसातून एका बंद झालेल्या फायलीचा जाड पुठ्ठा आणला होता. तो कापला, भोकं पाडली, तेलात भिजवून बसवला. पाटबंधाऱ्याच्या फायलीनं पाणी अडवण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. कॉक बसला, नट आवळले, नळ्यांचे जुने सांधे तोडून त्या कॉकाला जोडल्या, क्लिपा घट्ट केल्या. आता राहिली दांडीची तार. मी सीटवर पाय टाकून, डॅशबोर्डाखाली उताणा पडून, ती तार ओढून घेतली. डोकं वर काढलं तर डोळ्यांसमोर, अगदी नाकापाशी, ती खिळ्याची खूण होती. बारीक रेघ, पण खोल. एका माणसानं एका दिवशी नीट बसून, दुसऱ्याच्या पोराच्या पायांना किती ऊब पुरेल ते मोजून ती कोरली होती. ती बघून माझं डोकं फिरलं. मला वाटलं, पान्यानं खरवडून टाकावी. तसं करायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी तार आखूड बांधली. आता दांडी खुणेपाशी आली की कॉक पूर्ण उघडणार होता. त्या खुणेला काही अर्थ उरला नव्हता. शिवाय आठ वर्षांच्या पोराला पुरलेली ऊब रक्त आटलेल्या म्हाताऱ्याला पुरणार नव्हतीच, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण त्यासाठी मी तार आखूड बांधली नव्हती.

पाणी भरलं, गाडी चालू केली. एका सेल्फवर लागली. तेवढी मात्र अण्णांची करामत. इंजिन तापलं तरी आत वारा थंडच. वरची नळी क्लिपेपाशी सैल केल्यावर अडकलेली हवा फुसफुस करत निघाली, मग गरम पाण्याची चिळकांडी माझ्या मनगटावर आली. मी क्लिप आवळली. हात भाजला होता आणि मला विलक्षण आनंद झाला होता. "प्रेमला, ट्रंक काढ बाहेर," मी ओरडलो. "निघायचं आत्ताच. संध्याकाळच्या आत घाट चढायचा."

वळून बघतो तो खुर्ची रिकामी. अण्णा कधी उठले, कुणाला धरून आले, कळलं नाही. ते स्टिअरिंगवर बसले होते. शाल खांद्यावरून घसरली होती, डोक्यावर त्यांची जुनी खाकी टोपी होती. ती शेडमधल्या खुंटीवर वर्षानुवर्षं लटकत होती.

"अण्णा, बाजूला व्हा. मी चालवतो."

"तू कोन चालवनार?"

"मीच. राजाराम. तुम्हाला नाही झेपणार घाट."

"गाडीला हात लावायचा नाय," ते म्हणाले. दोन्ही हातांनी त्यांनी चाक धरलं होतं, बोटांची पेरं पांढरी पडली होती. "साहेबाची गाडी हाय. भायेरच्याला चालवाय देत नाय आमी."

प्रेमला ट्रंक घेऊन आली आणि दारात थांबली. मी विनवलं. मी रागावलो. मी दार उघडून त्यांचा दंड धरला, तर त्यांनी माझा हात असा झटकला की मीच मागं गेलो. म्हाताऱ्याला धाप लागली, ओठ निळसर दिसायला लागले. "अहो, नका," प्रेमला म्हणाली. "जीव जाईल त्यांचा इथंच." तासाभरात ऊन उतरायला लागणार होतं, घाटात वारा सुटणार होता. डॉक्टरांनी 'लवकर' म्हटलं त्याला आता बरेच दिवस झाले होते. कॉक आला, हीटर चालू झाला, गाडी उभी आहे, टाकी भरलेली आहे, आणि माझा बाप मला ओळखत नाही म्हणून इथंच मरणार होता. मला रडू आलं. रडावंसं वाटलं म्हणून नाही, रागानं. काय करावं सुचेना, तेव्हा मी मागचं दार उघडलं आणि त्या पांढऱ्याशुभ्र सीटवर, तेलानं माखलेल्या कपड्यांनिशी, जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. मऊ होती. इतकी मऊ असेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या आरशात अण्णांचे डोळे दिसले. ते माझ्याकडे बघत होते. आता ओरडतील, मला वाटलं, कव्हर खराब केलंस म्हणून. पण ती नजर निवली. ती मला ठाऊक असलेली नजर नव्हतीच. त्या चेहऱ्याला इतकं मायेनं बघता येत असेल याची मला कल्पना नव्हती. त्यांनी हीटरची दांडी सरकवली, नीट खुणेपर्यंत, थोडी पुढे गेली ती परत मागे घेतली. भसकन गरम वारा आला. तो खुणेपेक्षा कितीतरी जास्त गरम होता, पण त्यांना ते कळलं नाही.

"गरम वाटला का, रुसीबाबा?" त्यांनी विचारलं.

मी प्रेमलाकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. नाही म्हणायचं, मी राजाराम आहे म्हणायचं, आणि मग पुन्हा तेच. मी म्हटलं, "हो, काशीराम. वाटलं."

बापाला नावानं हाक मारली. जीभ झडली नाही.

"मग निघू या?"

"निघू. पण काशीराम, तू बाजूला सरक. आज मी चालवतो."

त्यांनी आरशात मला निरखून बघितलं. मला वाटलं, फसलं. मग त्यांनी टोपी सारखी केली. "जी, बाबा," ते म्हणाले आणि गाडीच्या त्या अखंड पुढच्या सीटवरून निमूट डावीकडे सरकले. मी इतक्या दिवसांत केलेल्या एकाही विनवणीला त्यांनी मान दिली नव्हती. रुसीला एकदाच सांगावं लागलं.

प्रेमला मागं बसली, ट्रंक पायांशी घेऊन. मी चाक हातात घेतलं. हातखंबा गेला, पाली गेली. गाडीत भट्टी झाली होती, माझ्या कानामागून घाम वाहत होता, प्रेमला पदरानं वारा घेत होती. काच कुणी उघडली नाही. अण्णांच्या ओठांवर हळूहळू रंग येत होता. त्यांनी शाल स्वतःहून काढून मांडीवर ठेवली. ते खूश होते. रस्त्यावरची वळणं त्यांना आधी कळत. "हितं आस्ते, बाबा," म्हणत, आणि मी आस्ते घेतली की "शाबास" म्हणत. "कवा शिकलात तुमी? साहेबाना सांगनार नाय मी." साखरपा मागं पडलं, ऊन कलंडलं, समोर आंबा घाटाची भिंत उभी राहिली. पहिल्या वळणावर काचेवर धुरकट वाफ धरायला लागली. बाहेर अंधारत होतं, गारवा सुरू झाला होता. रस्त्याच्या कडेला एक बाई डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन उतरत होती आणि तिच्या मागं एक उघडं पोर दोन्ही काखांत हात घालून चालत होतं. आमच्या दिव्यांच्या उजेडात ते दोघं क्षणभर थांबले. मला विचारायचं नव्हतं. कित्येक वर्षं मी ते विचारायचं टाळलं होतं, आणि मी माझ्या नावानं विचारलं असतं तर त्यांनी उत्तरही दिलं नसतं.

"काशीराम," मी म्हणालो, "तुला पण एक मुलगा आहे ना?"

"हाय ना. गावाला हाय. तुमच्याएवडाच."

"त्याला कधी बसवलं नाहीस या गाडीत. त्याला नाही थंडी वाजत?"

अण्णा हसले. लहान मुलाच्या वेड्या प्रश्नाला हसावं तसे, मायेनं. त्यांनी हात पुढे करून दांडी पुन्हा एकदा खुणेशी नीट आहे ना ते चाचपून बघितलं.

"आमच्या पोरांना थंडी नाय वाजत, रुसीबाबा," ते म्हणाले.

"खरं आहे, काशीराम," मी म्हणालो, आणि चढासाठी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली.